डाव्या चाकांवरचे ओरखडे

काळबांडे मास्तर गाडी शिकवत, पण सुरुवातीचे काही दिवस गाडी सुरूच करू देत नसत. रिसोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असे, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. शिकायला आलेल्या माणसाला ते स्टिअरिंगमागे बसवत, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवत आणि डावीकडच्या सीटवर बडीशेप चघळत विचारत, "काय दिसते?"

"रस्ता दिसतो," माणूस म्हणे.

"रस्ता तं सबनलेच दिसते. रस्त्यावर काय दिसते थे सांगा."

मग सांगायचं. दूधवाल्याची सायकल, नाल्याकाठी बसलेलं कुत्रं, पाणी भरून परतणारी बाई, तिच्या पदराआडचं पोर. पोर सांगायचं राहिलं की मास्तर म्हणत, "मेलं थे पोरगं," आणि दुसऱ्या दिवशी या म्हणून उठून जात. आवाज कधी चढवला नाही. पण ते "मेलं" असं काही सपाट सुरात म्हणत की घरी गेल्यावर जेवण जात नसे.

मी त्यांच्या शेजारची. शाळेत शिकवते. माझी बदली रोज जाण्यायेण्याच्या गावी झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे शिकले. ते प्रत्येकाला त्याच्या खोडीवरून नाव ठेवत; मी "हॉर्नवाल्या मॅडम" झाले, कारण घाबरले की मी हॉर्नवरचा हात काढत नसे. "रस्ता आपला नसते, मॅडम," ते म्हणत. "आपून पावने. पावन्यानं कोनाच्या घरात आवाज करू नाई."

शिकवणी झाली की ते गाडीभोवती एक फेरी मारत. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा प्रत्येक टायरवरून हात फिरवत आणि खाचांत अडकलेले खडे एका जुन्या किल्लीने उकरून काढत. इंजिनाबद्दल फारसं बोलत नसत. म्हणत, "इंजिन बिघडलं तं गाडी थांबते. टायर बिघडलं तं गाडी जाते."

त्यांची भीड कोणाला नव्हती असं नाही, पण त्यांना कोणाची नव्हती. एका पुढाऱ्याचा भाचा शिकायला आला होता. गाडी हातात मिळाल्यावर तिसऱ्याच दिवशी वाशीम रस्त्यावर बैलगाडीला कट मारून त्याने मागे बघून हसून दाखवलं. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, हात लांबवून किल्ली काढली, खाली उतरले आणि चालत घरी आले. भाचा भर उन्हात गाडीत बसून राहिला. संध्याकाळी पुढारी स्वतः आला. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "तुमचा भाचा गाडी शिकन, पन माह्या हातानं नाई. मले झोप लागनार नाई." रिसोडात ही गोष्ट पुष्कळ दिवस सांगितली गेली.

त्यांच्या घरात बोलण्याचं काम सुमनकाकूंकडे होतं. मास्तर जितके हळू, तितक्या काकू मोठ्याने. गच्चीवरून हाक मारली तर कोपऱ्यावरचा भाजीवाला थांबे. लेक अनसिंगला दिलेली. तिच्याशी फोनवर बोलत तेव्हा आम्हाला वाटे, फोन नसता तरी चाललं असतं. मास्तर त्यांच्याकडे बघून म्हणत, "आमच्या घरी हॉर्न वेगळा लावाची गरज नाई." काकू हसत. त्या हसतानाही मोठ्याने हसत.

नवा मोठा रस्ता झाला त्यात मास्तरांचं वडिलोपार्जित शेत गेलं. मोबदला आला. ज्यांची ज्यांची शेतं गेली त्यांनी घरं बांधली, लग्नं केली, कोणी गावाला देऊळ बांधून दिलं. मास्तरांनी शिकवणीची पाटी उतरवली, पांढरी गाडी विकली आणि नागपूरला जाऊन स्पोर्ट्स कार आणली. कोणा हौशी माणसाने वापरून सोडलेली, गडद निळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. गल्लीत शिरली तेव्हा लोक बाहेर आले.

"मास्तर, हे काय?" मी विचारलं.

ते बोनेटवर हात ठेवून उभे होते. "सारी उमर डावीकडे बसलो, मॅडम. चालवली लोकायनं, आन् मी ब्रेकावर पाय धरून बसलो. आता मी चालवतो."

त्यांच्या तोंडावर मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला ते आवडलं होतं, हे सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका सावरत बसलेल्या माणसाला स्वतःची एक हौस असावी, त्यात वावगं काय?

काकूंना त्या गाडीत बसणं अवघड जाई. आधी पाठमोरं बसायचं, मग लुगडं सावरत पाय आत घ्यायचे. "भुईवर बसल्यावानी वाट्टे," त्या म्हणत. पण मास्तर बाहेर निघाले की त्या निघतच. बाजारात जायचं असो, पेट्रोल भरायचं असो, नुसती गाडी फिरवून आणायची असो, काकू डावीकडे बसलेल्या. चुलीवरचं अर्धवट टाकून येत. गल्लीतल्या बायका चेष्टा करत, या वयात काकूंना फिरण्याची हौस आली म्हणून. काकू चेष्टेवर हसत आणि दार लावून घेत.

मग ओरखडे दिसायला लागले.

पहिला मी पाहिला तो पुढच्या डाव्या चाकाच्या रिमवर. चंदेरी कडेवर बोटभर रुंद, खरवडून काढल्यासारखा. मास्तर म्हणाले, पोस्टाजवळच्या दुभाजकाला लागलं असेल. पुढच्या आठवड्यात मागच्या चाकावर एक आला. मग एके दिवशी डावा आरसा मोडून आला. मग दाराच्या खालच्या पत्र्यावर लांबलचक रेघ. मास्तर खाली बसून रेघेवरून बोट फिरवत होते, आणि त्यांची मान वाकडी करून बघण्याची पद्धत मला विचित्र वाटली. कोंबडी दाणा बघते तसं, एकाच डोळ्याने.

"गाडी डावीकडे ओढते," ते म्हणाले.

टायरचं दुकान अय्यूबभाईंचं, वाशीम नाक्यावर. त्यांचे आणि मास्तरांचे संबंध फार जुने. पांढऱ्या गाडीची सगळी टायरं तिथलीच. अय्यूबभाईंनी चाकांची दिशा, म्हणजे अलाइनमेंट, मशीनवर लावून पाहिली. बरोबर निघाली. मास्तरांनी पुन्हा पाहायला लावली. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा ते वाशीमला जाऊन दुसऱ्या दुकानात दाखवून आले. तिथेही काही निघालं नाही. एवढं झाल्यावर त्यांनी ठरवलं की दोष दिशेत नाही, चाकांतच आहे. चाकं लहान आहेत. टायर जाड आणि मऊ आहे, त्याने गाडी डोलते, आणि डोलते म्हणून डावीकडे जाते. मोठी चाकं हवीत.

तो पावसाळा त्यांनी चाकं निवडण्यात घालवला. माझ्या स्कूटरच्या चाकात खिळा गेला होता म्हणून मी एकदा अय्यूबभाईंच्या दुकानात बसले होते, तेव्हा दोघांचं बोलणं सुरू होतं. मास्तरांनी खडूने फरशीवर दोन वर्तुळं काढली होती, एक आत, एक बाहेर.

"भाईरची गोलाई एवढीच राह्यली पायजे," ते सांगत होते. "नाई तं मीटर खोटं बोलते. मोठं चाक एका फेऱ्यात जादा चालते. काटा दाखवन साठ, आन् गाडी असन सत्तरवर."

"बरोबर हाय," अय्यूबभाई म्हणाले.

"म्हनून भाईरची गोलाई तेवढीच. आतली रिम मोठी. सोळा इंची हाय, अठरा इंची घालू."

"मास्तर, मंग रबर कुठे राह्यते? दो उंगल. गड्ड्यात गेली तं सीधा रिमले लागन. ये रोड देखो आपले. म्या तं म्हनतो रिम हायच तेच ठेवा, टायर चांगलं नवं घाला. आराम की गाडी होईन."

"मले आराम नाई पायजे. मले गाडी सरळ पायजे."

अय्यूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या निळ्या गाडीच्या उजव्या बाजूने फिरून आले. उजव्या चाकांवर एकही ओरखडा नव्हता. दुकानातून आणल्यासारखी होती. ते परत येऊन बसले, गल्ल्यावरची धूळ उगाच पुसली, आणि म्हणाले, "गाडी सरळच हाय, मास्तर."

मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खडूने बाहेरचं वर्तुळ पुन्हा गिरवलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेले. ते गाडी पुसत होते. मी सरळ सांगितलं, "मास्तर, ओरखडे फक्त डावीकडे आहेत. गाडी ओढत असती तर तुमच्या हातांना कळलं असतं. तुम्ही डोळे दाखवून या."

पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "मॅडम," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "तुमाले गाडी कोनं शिकवली?"

"तुम्ही."

"मंग झालं."

मी वळले तर काकू माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मले मालूम हाय, बाई."

"काय मालूम आहे?"

"त्यायले डाव्याकडचं दिसत नाई. जेवाले वाढलं तं ताटातली डावीकडची चटनी तशीच राह्यते. म्या ताट फिरवून देतो, मंग खातेत."

"काकू, मग तुम्ही त्या गाडीत कशाला बसता?"

"म्हनून तं बसतो. म्या नाई बसलो तं सांगन कोन? सायकल आली, सायकल म्हनतो. ढोर आलं, ढोर म्हनतो. थे काई बोलत नाईत, पन गाडी बाजूले घेतेत." त्या थांबल्या. "त्यायले म्हनलं, डोळे दाखवा. तं दोन दिवस जेवले नाईत. गाडी सोड म्हनन्यापरीस संगं बसनं बरं."

म्हणजे तो फिरण्याचा शौक नव्हता. ते निळं धूड गल्लीतून निघालं की आत बसलेली ही बाई त्याची डावी बाजू होऊन बसत होती. मी घरी आले, पण त्या दिवसापासून संध्याकाळी गाडीचा आवाज परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे.

मी अनसिंगला त्यांच्या लेकीला फोन केला. ती आली, रडली, भांडली. मास्तरांनी तिला जावयासमोर सांगितलं की चाकं बदलली की सगळं नीट होणार आहे, आणि तिला गाडीतलं काही कळत नाही. जावई म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मग मी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातो. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

चाकं दिवाळीआधीच आली. अय्यूबभाईंनी बसवून दिली, पण जुनी चाकं विकली नाहीत, दुकानाच्या माळ्यावर ठेवली आणि मास्तरांना म्हणाले, "मन बदललं तं कवाबी या. मजुरी नाई घेनार." नवी चाकं काळी, मोठी, पातळ आऱ्यांची होती. त्यांच्याभोवती रबराची नुसती पट्टी. गाडी एखाद्या जनावराने नख्या बाहेर काढाव्यात तशी दिसत होती. मास्तरांनी मला बोलावून दाखवली. टायरवरून हात फिरवला, पण हात फिरवायला फारसं टायर नव्हतंच.

"आता सरळ जाते," ते म्हणाले. "रस्ता हाताले लागते."

रस्ता हाताला लागत होता तसा कानालाही लागत होता. रुंद, कडक टायर डांबरावर असा घोंगावे की गाडी पेट्रोलपंपापाशी असतानाच आमच्या ओट्यावर कळे. पहिल्याच फेरीनंतर काकू उतरल्या त्या दोन्ही कानांवर हात दाबून.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"हाडं खिळखिळी झाली. आन् आवाज भल्ला येते, बाई. मले माहंच बोलनं आयकू येत नाई."

त्या हे सहज बोलल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले. मास्तर गाडीला वळसा घालत होते, डाव्या बाजूला आल्यावर पायरीला अडखळले आणि सावरले.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, जुनी चाकं लावायला सांगा. त्यांनी सांगितलं होतं म्हणे. मास्तर म्हणाले होते, "सवय होईन." काकूंनी मग आपल्या परीने तोड काढली. बोलण्याऐवजी त्या आता मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारत. एक थाप म्हणजे बाजूला घ्या. "सवय होईन," त्यांनीही मला तेच सांगितलं.

भाऊबीज आटोपून ते दोघं अनसिंगहून परत येत होते. सोयाबीनचे दिवस. वाशीमच्या बाजाराकडे ट्रॉल्यांची रीघ लागलेली. दिवस मावळत होता आणि ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. वाशीमच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली टायर फुटून उभी होती. मागे शेतकऱ्याने दगड मांडले होते, बाभळीची फांदी टाकली होती, आणि तो स्वतः गळ्यातला दुपट्टा हलवत उभा होता. त्याने पुढे सांगितलं, गाडी लांबून दिसली, गाडीचा आवाज त्याच्याही आधी आला. त्याला वाटलं आता वळेल, आता वळेल. काचेतून त्याला बाई दिसत होती. ती हात वर करून काहीतरी ओरडत होती. मग तो उडी मारून शेतात पडला.

पुढचं डावं चाक दगडावर चढलं. पातळ टायर तिथेच फुटलं, आणि गाडी उजवीकडे वळण्याऐवजी रिमवर घसरत ट्रॉलीच्या कोपऱ्याखाली गेली. फक्त डावी बाजू. मास्तरांच्या कपाळाला एक काच लागली, बाकी काही नाही. उजवीकडची चाकं तशीच नवीकोरी होती.

काकू वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत राहिल्या नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते, कपाळाला पट्टी. जावई आणि त्याचे दोन नातेवाईक पोलिसांशी बोलत होते. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, रेडियम नव्हतं, उभी करायची तर शेतात घालायला हवी होती, असं ते सांगत होते. सगळं खरं होतं. ट्रॉलीवाला म्हातारा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, दुपट्टा तोंडात धरून. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हवालदाराने कागद घेतला आणि मास्तरांसमोर खुर्ची ओढली.

"बाबा, ट्रॉली दिसली नाई तुमाले. दिवा नव्हता. असंच न?"

जावई म्हणाला, "बाबा, हो म्हना."

"दिवा असता तरी दिसली नसती," मास्तर म्हणाले.

"काहून?"

"मले डाव्याकडचं दिसत नाई. लय दिवस झाले. काचबिंदू हाय. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, गाडी चालवू नोका."

जावयाचं तोंड उघडं राहिलं. मास्तर अकोल्याला जाऊन आले होते हे काकूंनाही माहीत नव्हतं. एका घरात दोन माणसं एकच गोष्ट जाणून होती आणि ती एकमेकांपुढे उघड कबूल करत नव्हती.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बाबा, नीट विचार करून बोला. याच्यानं केस तुमच्यावर येईन."

"येऊ द्या. त्या मानसाले घरी जाऊ द्या." त्यांनी ट्रॉलीवाल्याकडे बोट दाखवलं, पण म्हातारा त्यांच्या डावीकडे बसला होता, आणि बोट भिंतीवर रिकाम्या जागेकडे गेलं. "दगड मांडले होते त्यानं. फांदी टाकली होती. आनखीन काय करन?"

मग ते माझ्याकडे वळले. मी त्यांच्या उजवीकडे होते.

"तिनं गुडघ्यावर थाप मारली, मॅडम. मले वाटलं, रस्ता खराब हाय, त्याचा धक्का. मंग काई तरी बोलली थे. आयकू नाई आलं. मी म्हनलं, काय म्हनतं?"

एवढंच त्यांचं शेवटचं बोलणं झालं होतं.

तेराव्याला अय्यूबभाई आले होते. मांडवाच्या कडेला बसले, जेवले नाहीत. निघताना मला म्हणाले, "म्या नाई म्हनायले पायजे होतं. पन मास्तरले नाई कोन म्हनन?" मास्तरांवर खटला झाला. त्यांनी कोर्टातही तेच सांगितलं आणि वकिलाला पुढे बोलू दिलं नाही. वयाकडे पाहून शिक्षा हलकी झाली. घराला कुलूप लागलं. लेकीने त्यांना अनसिंगला नेलं. जेवायला वाढते, औषध घालते, पण बोलत नाही, असं कानावर आलं.

परवा एका लग्नाला पुसदकडे जाताना आमची एसटी अनसिंगच्या थांब्यावर थांबली. मी खिडकीशी होते. रस्त्याच्या कडेला मास्तर उभे होते, हातात दुधाची बरणी. पांढरा सदरा स्वच्छ होता, लेकीने इस्त्री केलेला असावा. त्यांना पलीकडे जायचं होतं. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मग नुसती मान नाही, खांदे, कंबर, पावलं, असं सगळं अंग डावीकडे फिरवून पाहिलं, आणि तसेच बघत राहिले. रस्ता मोकळा होता. दूरवर काही येत नव्हतं. त्यांनी एक पाऊल टाकलं, मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आधी उजवीकडे, मग सगळं अंग फिरवून डावीकडे.

मला हाक मारावीशी वाटली. काय सांगितलं असतं? रस्ता मोकळा आहे, जा, एवढंच. मी काच सरकवली, पण कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. बसच्या मागच्या काचेतून ते लहान होत गेले. दिसेनासे झाले तेव्हाही ते अलीकडेच उभे होते.